तबकडीवरचं नाव

लासलगावात लग्नसराई आली की कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत वराती निघतात. बँडमध्ये गाण्याची चाल उचलतो तो क्लॅरिनेटवाला. त्याचं नाव कुणी विचारत नाही. तो फक्त ‘बँडवाला’.

मुंबईच्या सिनेमातही असंच होतं. १९५०-६०च्या दशकांत गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्र ध्वनिमुद्रण करी. गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर स्वर कागदावर लिहून देत. एकाचा सूर चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर नाव मात्र बहुतेकदा संगीतकाराचंच.

याला एक अपवाद, क्लॅरिनेटवादक मास्टर इब्राहिम. त्यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या ७८ आरपीएम तबकड्या एचएमव्हीने काढल्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. शब्द नाहीत, गायक नाही, तरी गाणं ओळखू येई. साधारण १७०० साली जर्मनीत घडलेल्या या वाद्यातून आपल्या गाण्याची मींड काढणं सोपं नसतं. बोटं छिद्रांवरून हळूच सरकवावी लागतात आणि रीडवरचा ओठांचा दाब सांभाळावा लागतो. त्या तबकड्यांवर वादकाचं नाव छापलं गेलं, म्हणून ते आज आपल्याला माहीत आहे. त्यांच्या शेजारी बसलेल्या कितीतरी जणांचं नाही.

उर्दूच्या तासाला मी मुलांना शायर आणि गायक सांगत आलो, वाजवणारे कधी सांगितले नाहीत. चूक माझीच. आता फळ्यावर मास्टर इब्राहिमही असतात.

पुढच्या वरातीत जरा थांबा. क्लॅरिनेटवाल्याला त्याचं नाव विचारा.