सालाझारची राजवट : मूळ कोणतं, कलम कोणतं?

गोवामुक्तीवर संशोधनाचा आराखडा लिहायला घेतला की पहिल्याच पानावर ‘सालाझारची फॅसिस्ट राजवट’ असं लिहून आपण पुढे जातो. भाषणात ते चालतं. प्रबंधात मात्र विचारलं जाईल : हा विचार आला कुठून?

आधी घटनाक्रम बघा. २८ मे १९२६ ला लष्कराने उठाव करून पोर्तुगालचं संसदीय प्रजासत्ताक संपवलं. कोइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री झाले, १९३२ मध्ये पंतप्रधान. १९३३ च्या घटनेने ‘एस्तादो नोव्हो’, म्हणजे ‘नवं राज्य’, उभं राहिलं.

याची मुळं मुख्यतः तीन. एक, कॅथलिक समाजविचार. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये वर्गसंघर्षाऐवजी मालक-मजूर सहकार्य मांडलं होतं. राजवटीने त्याचा आधार घेत संप बेकायदा ठरवले. दोन, १९१४ च्या सुमाराची ‘इंतेग्रालिझ्मो लुझितानो’ चळवळ. तिला पक्ष आणि संसद नको होती, राजा हवा होता. सालाझारने पक्षद्वेष उचलला, राजा सोडला. तीन, साम्राज्याचा अभिमान. १९३० च्या वसाहत कायद्याने परमुलखावर राज्य करणं आणि तिथल्या लोकांना ‘सुधारणं’ हे पोर्तुगीज राष्ट्राचं अंगभूत कार्य ठरवलं. गोव्यात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याला विरोध केला.

आता खरी गंमत. १९५१ मध्ये, भारत गोवा मागत असताना, ‘वसाहत’ शब्द गेला आणि ‘सागरपार प्रांत’ आला. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेयरी यांना सरकारने दौऱ्यावर बोलावलं. ते गोव्यातही आले. पोर्तुगीज माणूस वंशभेद न मानता मिसळतो, हा त्यांचा सिद्धांत. तिशीच्या दशकात राजवटीला तो पटत नव्हता, आता सोयीचा झाला. म्हणजे हे मूळ नव्हे, नंतर बांधलेलं कलम. पन्नाशीतलं भाषण वाचून तिशीतला विचार सांगायला गेलात, तर फसाल.

म्हणून प्रत्येक कागदाची तारीख आधी बघा. अस्सल कागदाचा हा आग्रह आपल्या धुळ्याला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्येच तिथे वारले.

आणि शब्द बदलले तेव्हा काय बदललं नाही, तेही लिहा. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं, तेव्हा गोवा ‘वसाहत’ होता. तो ‘प्रांत’ झाल्यावरही सेन्सॉर राहिला, सत्याग्रहींची धरपकड राहिली. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवेकरांना त्यांचं मत कुणी विचारलंच नाही.