गंगाधरपंतांचे पानिपत आणि आमचे डिचोली-पेडणे

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मी प्रथम वाचली ती एका बैठकीत, आणि ती संपताच पुन्हा पहिल्या पानाकडे वळलो. इतिहास शिकविण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्याला एखाद्या कल्पित कथेने असे बांधून ठेवावे याचे त्या वेळी मला नवल वाटले. पुढे ती कथा मी अनेकदा वाचली, वर्गात वाचून दाखविली, स्नेह्यांना आग्रहाने वाचावयास दिली. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे देहावसान झाल्याची वार्ता आली तेव्हाही खगोलशास्त्रातील त्यांच्या कार्याआधी मला आठवले ते आझाद मैदानावर गोंधळून उभे असलेले गंगाधरपंत. हा उत्साह कशाचा, आणि त्याचा आपल्या मुलखाच्या इतिहासाशी काय संबंध, याचा थोडा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

कथेचा सांगाडा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतच्या युद्धाचा विचार करीत असता एका अपघातात सापडतात, आणि शुद्धीवर येतात ते एका निराळ्याच हिंदुस्थानात. तेथे १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी विश्वासरावांस गोळी लागलेली नाही. ती त्यांच्या कानाजवळून निघून गेली आहे. त्या केसभर अंतराने मराठ्यांना जय मिळतो आणि पुढचे सारे बदलते. इंग्रजांची कंपनी देशाची धनी होत नाही, तर एका कोपऱ्यात व्यापार करून राहते. मराठी वाचकाच्या मनातील अडीचशे वर्षांची जखम लेखकाने नेमकी ओळखली होती. म्हणून ती कथा वाचताना आपले मन प्रथम आनंदते, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटते.

कालप्रवासाची कल्पना पाश्चात्य म्हणून सांगितली जाते. मार्क ट्वेनची आर्थर राजाच्या दरबारातील अमेरिकन माणसाची कादंबरी १८८९ ची, आणि एच. जी. वेल्सचे कालयंत्र १८९५ चे, हे खरेच आहे. तथापि ज्याने बालपणी पुराण ऐकले आहे त्याला ही कल्पना परकी वाटू नये. रैवत राजा आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर विचारावा म्हणून ब्रह्मदेवाकडे गेला. तेथे गायन चालले होते, म्हणून क्षणभर थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर युगे लोटली आणि त्याच्या मनातील वरांची नावनिशाणीही उरली नाही. मग त्या पुरातन युगातील कन्येचा विवाह द्वापरातील बलरामाशी झाला. ती फार उंच होती म्हणून त्याने तिला नांगराने आपल्या उंचीची करून घेतले. काळाच्या दोन तीरांवरील माणसांच्या प्रेमाची याहून जुनी कथा कोणती सांगावी? आणि आमच्या पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला तर, वेदांची चोरी करणारा संकासुर उभा राहून आजच्या गावगाड्यावर बोलतो, यात काहीच विपरीत वाटत नाही.

मराठी कादंबरीनेही वाचकाला गतकाळात नेण्याचे कार्य फार लवकर आरंभिले. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये पुस्तकरूपाने आली. हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’ने आणि पुढे नाथमाधवांच्या स्वराज्यमालेने कित्येक पिढ्यांना शिवकाळात वावरण्याची सवय लावली. परंतु या कादंबऱ्यांत प्रवास करतो तो केवळ वाचक. कथेतील माणसे आपल्या काळात स्वस्थ असतात. त्यांना आपल्या येण्याची वार्ता नसते. नारळीकरांनी आपल्या काळातला माणूस, चष्मा आणि शंका यांसह, प्रत्यक्ष त्या बदललेल्या काळात सोडला. त्यामुळे आपण त्या काळाकडे पाहतो ते अनोळखी पाहुण्याच्या नजरेने. नाते जुळण्यासाठी प्रथम अनोळखीपणा मान्य करावा लागतो, हे ऐतिहासिक कादंबरीकारांना नेहमीच साधलेले नाही.

या कथेतील दोन गोष्टींनी मला विशेष विचारात पाडले. पहिली ही की, अनोळखी जगात सापडलेला हा माणूस ग्रंथालय गाठतो. इतिहास कोठे वळला हे त्याला पुस्तकांतून शोधावयाचे असते, आणि तो परततो तेव्हा त्याच्यापाशी पुरावा म्हणून उरते ते बखरीचे एक फाटके पान. दुसरी गोष्ट अधिक हृद्य आहे. त्या जगात तो आपल्या मुलाची चौकशी करतो, तेव्हा त्या नावाचे तेथे कोणीच नसते. मराठ्यांचा जय झाला आहे, राज्य टिकले आहे, पण मुलगा नाही. इतिहास बदलण्याची किंमत लेखकाने एवढ्या एका लहानशा प्रसंगात सांगून टाकली आहे.

एकदा ही कथा वाचून झाल्यावर वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आपल्या डिचोलीचे पानिपत कोणते?” प्रश्न बालसुलभ होता, पण मला तत्काळ उत्तर देता आले नाही. त्यांच्या बोलण्यात गोव्याचा इतिहास म्हणजे साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता, एवढेच सूत्र होते. १५१० ते १९६१ हा हिशेब पणजीच्या परिसरास लागू आहे, डिचोली-पेडण्यास नाही. पोर्तुगीजांनी डिचोली घेतली ती १७८१ मध्ये, आणि पेडणे त्यांच्याकडे गेले ते १७८८ च्या तहाने. म्हणजे डिचोलीवर त्यांचा अंमल एकशे ऐंशी वर्षे आणि पेडण्यावर एकशे त्र्याहत्तर. नव्या काबिजादींतील मुले स्वतःच्या तालुक्याचा भूतकाळ दुसऱ्याच्या मापाने मोजत होती, आणि तो दोष मुलांचा नव्हे. आम्हां शिकविणाऱ्यांचा होता.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे एक उत्तर मला पुढे सुचले. नोव्हेंबर १६८३ मध्ये विजरई फ्रान्सिस्को द ताव्होरा फोंड्याचा किल्ला घेण्यास निघाला. संभाजी महाराज धावून आले, विजरईस माघार घ्यावी लागली, आणि त्याच महिन्यात मराठ्यांनी ओहोटी साधून रात्री जुवे बेटावरचा गड घेतला. दुसऱ्या दिवशी बेट परत घेण्यास गेलेला विजरई पराभूत होऊन, जखमी होऊन कसाबसा निसटला. राजधानी समोरच्या पाण्यापलीकडे राहिली होती. विजरईने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड तेथे अर्पण केला, यावरून शहरातील भीतीची कल्पना येते. डिसेंबरात मराठे साष्टी आणि बारदेशात शिरले. आणि जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा पुत्र शाहआलम मोठ्या फौजेनिशी रामघाट उतरून आला. दोन शत्रूंच्या मध्ये सापडू नये म्हणून संभाजी महाराजांना गोव्याचा वेढा सोडून परतावे लागले. मोगलांनी डिचोली जाळली. महाराजांचे आणि त्यांच्या आश्रयास असलेल्या शाहजादा अकबराचे तेथील वाडे व बागा नष्ट केल्या. पुढे उपासमारीने हैराण होऊन मोगलांची ती फौज पुन्हा घाट चढून गेली. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांची ही हकीकत ज्यांनी पणजीच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचून कागदोपत्री उभी केली, ते डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर आमच्याच शेजारच्या सत्तरीच्या मातीशी नाते सांगणारे होते, याचा मला अभिमान आहे.

शाहआलम महिनाभर उशिरा आला असता तर? गंगाधरपंतांच्या गोळीइतकाच हा प्रश्न नाजूक आहे. आम्हां डिचोलीकरांना त्याचे उत्तर कल्पिण्याचा मोह होतो, आणि तो होऊ द्यावा, असे माझे मत आहे. जर-तर म्हणजे इतिहास नव्हे, असे आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो, व ते योग्यच आहे. परंतु जर-तरचा एक उपयोग आम्ही विसरतो. पाठ्यपुस्तकात जे घडले ते घडणारच होते असे वाटू लागते. जुवे बेटाच्या चिखलात उभ्या असलेल्या मावळ्याला मात्र जानेवारीत रामघाटावर काय दिसणार आहे हे ठाऊक नव्हते, आणि भयभीत विजरईलाही नव्हते. त्यांचा भविष्यकाळ त्यांच्यापुढे मोकळा होता. तो मोकळेपणा त्यांना परत देणे, हेच या कालप्रवासाच्या कथांचे मोठे कार्य होय. जय मिळवून देणे हे त्यांचे कार्य नव्हे. तेवढ्यासाठीच जो वाचतो त्याला कथेतील हरवलेला मुलगा दिसत नाही.

पेडण्याचे वळण तर याहून निराळे. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हळर्णचा किल्ला जिंकला, आणि जिंकणाऱ्या विजरईला पुढे ‘मार्कीज द आलोर्ना’ ही पदवी मिळाली. आमच्या एका खेड्याचे नाव असे लिस्बनच्या सरदारांत जाऊन बसले. परंतु तो प्रदेश पुन्हा सावंतवाडीकर भोसल्यांकडे आला. अखेर पेडणे गेले ते रणात नव्हे. कोल्हापूरकरांशी चाललेल्या कलहात पोर्तुगीजांचे साहाय्य हवे म्हणून तिसऱ्या खेमसावंतांनी ते १७८८ मध्ये देऊन टाकले. येथे कोणाच्या कानाजवळून गोळी गेली नाही. दोन मराठी संस्थानांच्या वैरापायी एक तालुका कागदावर हस्तांतरित झाला. पेडण्याचा गंगाधरपंत मागे गेला तर त्याला रणांगणावर जाऊन उपयोग नाही. त्याला सावंतवाडीच्या दरबारात उभे राहावे लागेल, आणि तेथे ऐकू येईल ते कदाचित त्याला रुचणारही नाही.

आणि हाच काळ दुसऱ्या बाजूनेही पाहावा लागतो. दिवाड बेटावरून डिचोलीतील नार्व्यास फेरीबोटीने जाता येते. पाण्याचे अंतर अगदी थोडे. दिवाडीवर गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे देवालय होते; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, आणि भाविकांनी देव पैलतीरी नेला. जेथे तो गेला त्या गावाचे नावही नार्वेच. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० मध्ये, म्हणजे नोव्हेंबर १६६८ मध्ये आरंभिला गेल्याचा शिलालेख दारावर आजही आहे. एका तीरावर १५१० पासूनची सत्ता, दुसऱ्या तीरावर १७८१ नंतरची. त्या दोनशे एकाहत्तर वर्षांत पोर्तुगीज राज्यही पुष्कळ बदलले होते. नव्या काबिजादींत धर्म व रूढी यांना हात न लावण्याचे धोरण त्यांना स्वीकारावे लागले. डिचोली आणि पेडणे सोळाव्या शतकातच गेले असते तर आमच्या देवळांचे काय झाले असते, हे दिवाडीवर उभे राहिले म्हणजे कळते. इतिहासाने आम्हांला बरेच नाकारले. पण उशीर हे एक दानही त्याने दिले आहे.

म्हणून माझी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे की, ही कथा वर्गात जरूर वाचावी, आणि मग मुलांना घेऊन ती फेरीबोट गाठावी. गंगाधरपंतांस जसे बखरीचे पान हवे होते, तसा आपल्या मुलांना नार्व्याचा शिलालेख दाखवावा, हळर्णचा तट दाखवावा, डिचोलीची नमाजगाह दाखवावी. कल्पनेने मागे जाणे सोपे आहे. परत येताना हाती एखादे पान असले पाहिजे. आमच्या भागावर अद्याप अशी कथा लिहिली जावयाची आहे. ती लिहिणारा एखादा विद्यार्थी आज कोठल्यातरी बाकावर बसलेला असेल, अशी आशा करण्यास हरकत नाही.

ज्या मुलाने मला डिचोलीचे पानिपत विचारले होते, त्याला मी शेवटी हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, आणि मग विचारले, “पण सर, शाहआलम आला नसता तर आपण इथे असतो का?” मी टेबलावरच्या हजेरीपटाकडे पाहिले. गंगाधरपंतांच्या मुलाचे नाव त्या दुसऱ्या जगात सापडले नव्हते. या पटावरची नावे तरी सापडली असती असे मी कोणत्या आधारावर सांगणार? “बहुधा नसतो,” असे मी त्याला म्हणालो, आणि त्या दिवशी हजेरी थोड्या सावकाश घेतली.