चिंबोरीचे शास्त्रीय नाव आणि संवर्धन : एक ऐतिहासिक अभ्यास

उत्तर कोकणात चिंबोरी व मालवणी मुलखात कुर्ली म्हणून ओळखला जाणारा खाडीतील मोठा खेकडा किनारपट्टीच्या आहारातील व उपजीविकेतील महत्त्वाचा घटक आहे. प्रस्तुत निबंधात त्याच्या शास्त्रीय नावाच्या इतिहासाचा मागोवा घेतला असून या इतिहासाचा संवर्धनाशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने १७६१ मध्ये अरबस्तानात एक संशोधन मोहीम पाठविली. तीत लिनियसचा शिष्य पीटर फोर्स्कोल होता. तांबड्या समुद्रातील प्राण्यांची त्याने तपशीलवार टिपणे केली. परंतु जुलै १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने त्याचे निधन झाले. उरलेली मंडळी मुंबईकडे निघाली. दोघे वाटेतच गेले, वैद्य क्रामर फेब्रुवारी १७६४ मध्ये मुंबईत मरण पावला आणि कार्स्टन नीबूर एकटाच उरला. डिसेंबर १७६४ पर्यंत तो मुंबईत राहिला. पुढे त्यानेच मित्राची टिपणे १७७५ मध्ये प्रसिद्ध केली व त्यांतून 'कॅन्सर सेरॅटस', म्हणजे करवतीसारख्या दातांचा खेकडा, हे नाव विज्ञानास मिळाले. ज्या बेटाच्या खाड्यांत चिंबोरी विपुल होती, तेथेच तिच्या नावाचा वाहक वर्षभर राहून गेला, हा योगायोग लक्षणीय आहे.

पुढे हर्ब्स्ट याने १७९६ मध्ये 'ऑलिव्हेशिया' व फॅब्रिशियस याने १७९८ मध्ये 'ट्रँक्वेबेरिका' ही नावे दिली. दुसरे नाव तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या तत्कालीन डॅनिश वसाहतीवरून आले. डी हान याने १८३३ मध्ये 'स्किला' ही प्रजाती स्थापिली. फिलिपाइन्समध्ये एस्टाम्पाडोर याने १९४९ मध्ये तिच्यात अनेक जाती मानल्या, तर १९६० मध्ये स्टीफन्सन व कॅम्पबेल यांनी त्या पुन्हा एकीतच सामावून घेतल्या. अखेर १९९८ मध्ये कीनन, डेव्ही व मान यांनी शरीररचना व जनुकीय पुरावा यांच्या आधारे चार जाती निश्चित केल्या.

भारतात या गोंधळाचे स्वरूप निराळे होते. येथील अनेक अभ्यासांत लहान जातीस 'सेरेटा' व मोठ्या जातीस 'ट्रँक्वेबेरिका' म्हटले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार भारतीय किनाऱ्यावर दोनच जाती आढळतात. मोठी ती 'स्किला सेरेटा' व लहान ती 'स्किला ऑलिव्हेशिया'. म्हणजे नाव तेच राहिले, प्राणी मात्र बदलला! ओळखण्याची खूण साधी आहे. मोठ्या जातीच्या नांगीच्या मनगटावर बाहेरच्या बाजूस दोन तीक्ष्ण काटे असतात. लहान जातीत ते बोथट किंवा जवळजवळ लुप्त असतात.

हा केवळ पंडिती वाद नव्हे. लहान जाती कमी आकारात प्रजननक्षम होते. दोन्ही जातींची मापे एकाच नावाखाली एकत्र केल्यास पकडण्यायोग्य किमान आकार चुकीचा ठरतो आणि मोठ्या जातीची अपक्व पिल्ले बाजारात जातात.

मादी कात टाकल्यावर समागम होतो. नंतर ती खाडी सोडून समुद्रात जाते व लक्षावधी अंडी पोटाखाली बाळगते. डिंभ झोइयाच्या पाच व मेगालोपाच्या एका अवस्थेतून जातो. नंतर पिल्ले तिवर-कांदळांच्या चिखलात वाढतात. या चिखलास मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांनी संरक्षण मिळाले. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात कांदळवन कक्षही स्थापन झाला. समुद्राकडे निघालेल्या मादीचा प्रश्न मात्र कांदळवन राखून सुटत नाही, कारण भरलेल्या मादीलाच बाजारात अधिक भाव मिळतो.

सिंधुदुर्गात कांदळवनालगत खेकडापालनाचे प्रयोग झाले आहेत. तेथे खाडीतून बीज गोळा करतानाही कोणत्या जातीचे पिल्लू उचलले, याची नोंद आवश्यक ठरते. जुन्या अभ्यासांतील मापे पुन्हा वापरायची असल्यास संग्रहालयांत जतन केलेल्या नमुन्यांच्या मनगटावरील काटे प्रथम तपासावे लागतील. जेथे नमुना उरलेला नाही, तेथील आकडेवारी कोणत्याही एका जातीच्या नावावर मांडता येणार नाही.