आबांचा डबा

"आबांच्या डब्याला भोकं पाडायची?" आईनं एवढंच विचारलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी आणि भाचा एकमेकांकडे बघत बसलो.

तर झालं असं. भाच्याला गिटारचं वेड. त्यानं पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरीच फझ पेडल जोडलं. फझ पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे ठेवायचं, पायानं चालू-बंद करायचं यंत्र. सरळ आवाज त्यातून गेला की करवतीसारखा फाटून येतो. सर्किट त्यानं प्लॅस्टिकच्या साबणदाणीत बसवलं. चालू केलं तर गिटार मागे आणि ट्यूबलाइटची घरघर पुढे! त्यात दुसऱ्या दिवशी पाय पडून साबणदाणीच फुटली. "मामा, धातूचाच डबा पाहिजे," तो म्हणाला. घरात मजबूत आणि बेताचा डबा एकच होता, आबांचा पितळी पानाचा डबा. आबा गेल्यापासून फळीवर रिकामाच पडलेला.

त्या रात्री मी या आवाजाचा इतिहास वाचत बसलो. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरमधला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि गिटारचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला, लोकांना आवडला. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकानं मग तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवला, आणि 1962 मध्ये 'मॅस्ट्रो फझ-टोन' बाजारात आलं. फारसं खपलं नाही. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सनी ते वापरलं आणि मग मात्र त्याला मागणी आली. तेही धातूच्याच डब्यात होतं बरं का. कारण असं सर्किट इवलासा संकेत कितीतरी पटींनी वाढवतं, आणि सोबत आलेली घरघरही तितक्याच इमानानं वाढवतं.

धातूच का, याचं उत्तर फार जुनं आहे. 1836 साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडेनं सुमारे 12 फूट लांबी-रुंदी-उंचीची एक खोली उभारून तिला धातूनं मढवलं आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेर ठिणग्या उडेपर्यंत वीज भरली, आत त्याच्या उपकरणाला काहीच जाणवलं नाही.

आणि याचाच मोठा भाऊ आपल्या जुन्नर तालुक्यात उभा आहे! नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. आकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण की आपला मोबाइलसुद्धा तिथे गोंगाट ठरतो. दुर्बिणीची स्वतःची यंत्रंही धातूच्या कपाटांत कोंडावी लागतात. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही गेलो होतो, तेव्हा भाच्यानं विचारलं होतं, "मामा, तबकडी नुसत्या जाळीचीच? लाटा आरपार नाही जात?" नाही जात. जाळीची भोकं 10 ते 20 मिलिमीटरची आणि ती दुर्बीण ऐकते त्या लाटांची लांबी सुमारे 21 सेंटिमीटरपासून पुढे. लाटेपुढे भोक लहान असेल तर लाटेला जाळीसुद्धा भिंतच वाटते.

सकाळी हेच मी आईला सांगितलं. घरातल्या विजेची लाट तर हजारो किलोमीटर लांब, आपल्या चार भोकांनी डबा उघडा पडत नाही. तिला त्यातलं किती पटलं देव जाणे. थोड्या वेळानं तिनं डबा चिंचेनं घासून आणून दिला. म्हणाली, "आतला चुन्याचा डाग राहू दिलाय."

डब्यात लाकडाचा ठोकळा धरला, पंचनं खूण केली, आधी 3 मिमीचं बिट, मग जॅकसाठी 10 आणि पायाच्या स्विचसाठी 12. पातळ पितळ बिटाला पकडतं, म्हणून सावकाश. अर्थची तार थेट पितळेला डाग दिली. झाकण लावलं आणि घरघर जवळजवळ गेलीच.

भाच्यानं वाजवलं. आई दारात उभी राहून ऐकत होती. "फाटका आहे रे आवाज," म्हणाली. "आबांचाही शेवटी असाच झाला होता."

असो. डबा आता रिकामा नाही.