मद्यपानाचे वय आणि राज्यांच्या सीमा : अमेरिकेतील एक अनुभव

अमेरिकेतील देशव्यापी दारूबंदी १९३३ साली उठली आणि मद्यनियमनाचा अधिकार प्रामुख्याने घटक राज्यांकडे गेला. १९७१ साली मताधिकाराचे वय १८ ठरले. जो मत देण्यास पात्र, त्यास मद्य वर्ज्य का, या युक्तिवादाने त्या सुमारास अनेक राज्यांनी मद्याची वयोमर्यादाही २१ वरून खाली आणली. लवकरच तरुण चालकांचे अपघात वाढल्याचे अभ्यासकांस आढळले. मिशिगनने १९७२ साली उतरविलेली मर्यादा १९७८ साली पुन्हा २१ केली.

तथापि, एकट्या राज्याच्या निर्बंधाने प्रश्न सुटत नव्हता. शेजारच्या राज्यात मद्य मिळत असल्यास तरुण मोटारीने तेथे जात व पिऊन रात्री परतत. कायद्यांतील भेदच त्यांना रस्त्यावर आणीत होता. यास्तव १९८४ च्या संघीय कायद्याने २१ ची मर्यादा न पाळणाऱ्या राज्यांचे महामार्ग-अनुदान अंशतः रोखण्याची तरतूद केली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ती मर्यादा स्वीकारली.

महिन्याभरात मद्य घेतलेल्या बारावीच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण १९८० साली सुमारे ७२ टक्के होते. १९९३ साली ते ५० टक्क्यांच्या आसपास आले. तरुणांचे मद्यजन्य अपघाती मृत्यूही घटले. या घटीचे सर्व श्रेय वयोमर्यादेस देता येणार नाही. आसनपट्ट्यांचा प्रसार व मद्यपी चालकांविरुद्धचे कठोर कायदे याच काळातले. परंतु वयोमर्यादेइतकेच तिच्या एकरूपतेस महत्त्व असते, हे मात्र या इतिहासावरून स्पष्ट होते.