रक्तवर्ण सरोवराची कथा

इ. स. 1476 च्या जून महिन्यांत, 22 तारखेस, स्वित्झर्लंडमधील मुर्टन सरोवराच्या कांठीं एक घनघोर संग्राम झाला. बर्गंडीचा ड्यूक ‘साहसी’ चार्ल्स मुर्टन नगरास वेढा घालून बसला होता. स्विस संघाच्या सैन्यानें त्याच्यावर अकस्मात् झडप घातली आणि त्याच्या सेनेची दाणादाण उडविली. कित्येक शिपाई पळतां पळतां कापले गेले व कित्येकांना सरोवरानें आपल्या पोटांत घेतलें. पुढें ह्या सरोवराचें पाणी मधून मधून लाल होई, तेव्हां कांठचे कोळी त्यास ‘बर्गंडियनांचें रक्त’ असें म्हणत. मेलेल्या शत्रूचें रक्त शतकानुशतकें तळाशीं सांचून आहे व तें वर येतें, अशी ही लोककल्पना होती.

सुमारें साडेतीनशें वर्षांनीं, 1825 च्या वसंत ऋतूंत, पाणी पुन्हां लाल झालें. ह्या वेळीं जिनीव्हाचे विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल ह्यांनीं त्या लाल द्रव्याची परीक्षा केली. तें रक्त नव्हतें; केसाहूनही बारीक अशा असंख्य सजीव तंतूंचा तो समुदाय होता. त्यांनीं त्यास ‘ऑसिलेटोरिया रुबेसेन्स’ असें नांव दिलें. आज त्यास ‘प्लँक्टोथ्रिक्स’ म्हणतात, आणि पूर्वीं शैवालांत मोडणारा हा जीव आतां जंतूंच्या कुळांत गणला जातो.

रक्ताचा भ्रम फिटला. परंतु हा जीव एरवीं राहतो कोठें, हा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर देण्यास सरोवरांचें स्वतंत्र शास्त्रच निर्माण व्हावें लागलें. त्याचा पाया जिनीव्हा सरोवराच्या कांठीं राहणाऱ्या फोरेल ह्या पंडितानें घातला. खोल पाण्याचा तळ निर्जीव असतो ही समजूत दृढ असतां, 1869 सालीं त्यांना तळाच्या चिखलांत जिवंत कृमि आढळला. पुढें त्यांनीं ह्या एकाच सरोवरावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला.

ह्या शास्त्रानें दाखविलें कीं, खोल सरोवर म्हणजे पाण्याचें एकजिनसी भांडें नव्हे. उन्हाळ्यांत वरचें पाणी तापून हलकें होतें व खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतें. दोहोंच्या सीमेवर, सुमारें 12 ते 15 मीटर खोलीवर, ह्या लाल तंतूंची वस्ती असते. तेथें पोंचणारा मंद, हिरवट प्रकाश त्यांच्या लाल रंगद्रव्यास पुरेसा होतो. त्यांच्या पेशींत वायूनें भरलेल्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्या बळावर ते आपली पातळी राखतात. थंडीच्या आरंभीं थर मोडले कीं हे तंतु विखुरतात आणि शांत दिवशीं पृष्ठावर तरंगून येतात. कोळ्यांना दिसे तें ‘रक्त’ हेंच.

1898 सालीं ह्या जीवानें झूरिख सरोवरांत एकाएकीं मुसंडी मारली. ह्या सरोवराचे दोन भाग आहेत. 136 मीटर खोलीच्या मोठ्या भागाच्या कांठीं दाट वस्ती वाढली होती व तिचें सांडपाणी पाण्यांत मिसळत होतें. वरच्या, उथळ भागास हा उपसर्ग फारसा नव्हता. म्हणून तो पुष्कळ काळ निर्मळ राहिला. एकाच सरोवराच्या दोन भागांतील हा भेद अपराध कोणाचा हें स्पष्ट सांगत होता. पुढें सांडपाणी शुद्ध करण्याच्या योजना झाल्या, आणि 1986 सालीं स्वित्झर्लंडनें कपडे धुण्याच्या चूर्णांतील फॉस्फेटवर बंदी घातली. पाण्यांतील फॉस्फरस झपाट्यानें उतरला.

आतां हा लाल पाहुणा निघून जाईल, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. झूरिख विद्यापीठांतील थॉमस पॉश व त्यांचे सहकारी ह्यांनीं सुमारें चार दशकांच्या नोंदी तपासून 2012 सालीं त्याचें कारण मांडलें. ह्या तंतूंचा खरा वैरी म्हणजे कडक हिंवाळा. चार अंशांपर्यंत थंड झालेलें पाणी सर्वांत जड होऊन खालीं जातें आणि सरोवर तळापर्यंत ढवळून निघतें. त्या ओघांत तंतूही खोल ओढले जातात. दर 10 मीटरला पाण्याचा दाब सुमारें एका वातावरणाइतका वाढतो. अखेर तो त्या वायुनळ्या चिरडून टाकतो आणि तंतु तळाच्या अंधारांत नाश पावतात. परंतु हवामान तापत चालल्यामुळें हिंवाळे सौम्य झाले, घुसळण अर्ध्यावरच थांबूं लागली, आणि वांचलेले तंतु पुढच्या उन्हाळ्यास मोठ्या भांडवलानें सामोरे जाऊं लागले.

ही हानि केवळ रंगापुरती नाहीं. हे तंतु यकृतास घातक असें विष निर्माण करतात, आणि त्यामुळें माशांचें खाद्य असलेले बारीक प्राणी त्यांना सहसा खात नाहींत. तळाशीं दुसरे जंतु मृत तंतु कुजवितांना प्राणवायु खर्च करतात. अपुऱ्या घुसळणीमुळें तो भरूनही निघत नाहीं. झूरिख नगराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग ह्याच सरोवरांतून येतो. तें पाणी ओझोन वायूनें व वाळूच्या थरांतून शुद्ध करावें लागतें.

रणांगणावरील रक्ताची ती कथा खोटी ठरली खरी. तथापि सरोवर मनुष्याचें कर्म विसरत नाहीं, हा तिचा आशय मात्र शास्त्रानेंच खरा करून दाखविला. सांडपाण्याचा दोष कांठच्या लोकांना एका पिढींत निवारतां आला. हिंवाळ्याची थंडी परत आणणें हें त्यांच्या एकट्यांच्या हातचें काम नाहीं. तो भार साऱ्या जगावर आहे.