सुई, थकवा आणि तुलनेचा गट

संशोधनाचा आराखडा लिहिताना 'कंट्रोल ग्रुप' हा शब्द आपण सहज टाकून देतो. त्या गटाला नेमकं काय द्यायचं, यावर उत्तर कसं फिरतं ते पाहायचं असेल, तर कर्करोगानंतरच्या थकव्यावर झालेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्या क्रमाने वाचा.

हा थकवा म्हणजे कामाचा शीण नव्हे. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून महिने, कधी वर्षं उलटतात, रिपोर्ट चांगले येतात, तरी बाईला जिना चढवत नाही. झोपून उठलं तरी अंग जड. यावर खात्रीची गोळी नाही, म्हणून लक्ष सुईकडे गेलं.

अमेरिकेत सुईची चर्चा पेटली १९७१ मध्ये. पत्रकार जेम्स रेस्टन यांचं चीनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, नंतरच्या त्रासावर सुया टोचल्या गेल्या आणि त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये ते लिहिलं. (आपल्याकडे ही विद्या त्याआधीच पोचली होती. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या पथकातले डॉ. बिजयकुमार बसू यांनी ती कलकत्त्याला आणली.)

थकव्याची गोष्ट मात्र बरीच नंतरची. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी केमोथेरपीनंतर थकलेल्या ३७ रुग्णांवर छोटी चाचणी केली. थकवा सरासरी ३१ टक्क्यांनी उतरला. आकडा झकास, पण तुलनेचा गटच नव्हता! थकवा आपोआप उतरला असता का, हे कळायला मार्ग नाही.

२०१२ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक्स मोलासिओटिस यांच्या गटाने तुलना आणली. स्तनाच्या कर्करोगाच्या ३०२ रुग्ण. २२७ जणींना नेहमीच्या काळजीसोबत आठवड्यातून एकदा, सहा आठवडे अ‍ॅक्युपंक्चर, ७५ जणींना नेहमीची काळजी आणि थकव्याविषयीची माहितीपुस्तिका. सुईच्या गटात थकवा स्पष्ट कमी झाला, चिंता आणि नैराश्य उतरलं, जीवनमान सुधारलं. आता तुम्हीच विचारा: फायदा सुईचा, की दर आठवड्याला कुणीतरी वीस मिनिटं आपल्याकडे लक्ष देतं याचा? पुस्तिका लक्ष देत नाही.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या त्याच संस्थेतून गॅरी डेंग यांची चाचणी आली. १०१ रुग्ण, एका गटाला खरं अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला बनावट. थकवा दोन्हीकडे उतरला. दोघांत फरक नाही. ३१ टक्क्यांची हवा तिथे बरीचशी गेली.

मग खरं कोण? माझ्या मते दोघंही, कारण प्रश्नच वेगळे होते. 'ही सेवा दिली तर बायकांना बरं वाटेल का?' हा मोलासिओटिसचा. रुग्णालय चालवणाऱ्याला तोच हवा. 'सुई ठरलेल्या बिंदूत खरोखर टोचल्यानेच फरक पडतो का?' हा डेंगचा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवणारे पेपर तुम्हाला ढिगाने भेटतील. शिवाय बनावट सुईचाही स्पर्श होतोच; तिला 'काहीच नाही' धरणं जरा धाडसाचं.

२०१६ मध्ये मिशिगनच्या सुझाना झिक यांनी सुईच काढून टाकली. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांना घरच्या घरी बोटांनी बिंदू दाबायला शिकवलं: एका गटाला आराम देणारे, दुसऱ्याला तरतरी आणणारे, तिसऱ्याला फक्त नेहमीची काळजी. थकवा दाबणाऱ्या दोन्ही गटांत उतरला. जीवनमान मात्र फक्त आराम देणारे बिंदू दाबणाऱ्या बायकांचं सुधारलं.